बेथेलची रांग

१

मार्लहेवनला ऑर्गनचं वेड लागलं ते भक्तीतून नव्हे, भांडणातून. सेंट ऑस्वल्ड चर्चमध्ये ऑर्गन आला म्हणून मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी त्याहून मोठा आणला. मेथडिस्टांनी आणला म्हणून हेरिंग पकडणाऱ्या कोळ्यांनी पोटाला चिमटा घेतला आणि कड्यावरच्या आपल्या बेथेल चॅपेलात, त्या छोट्याशा प्रार्थनाघरात, एक बसवला. देवाच्या घरी एवढी चढाओढ चाललेली पाहून धक्क्यावरच्या नाचघराच्या मालकाला तरी कसं राहवणार? त्यानेही एक आणला, आणि उन्हाळी पाहुणे त्यावर वॉल्ट्झ नाचू लागले. एवढंसं गाव, पण रविवारी सकाळी वारा पडलेला असला की तीन दिशांनी तीन भजनं एकमेकांच्या अंगावर धावून जायची.

मग एकेकाचे दिवस भरले. मेथडिस्ट म्हातारे होऊन संपले. नाचघरावर युद्धात बॉम्ब पडला. बेथेलच्या पायाखालचा कडा समुद्राने दरवर्षी थोडाथोडा खाल्ला आणि एका हिवाळ्यात चॅपेल, त्याची घंटा आणि मागचं कबरस्तान असं सगळं खाली गेलं. या गावाला माणसं विसरता येतात, पण ऑर्गनचे सूर काढणारे पाइप फेकून देववत नाहीत. जिथला ऑर्गन बंद पडला तिथले पाइप उचलून सेंट ऑस्वल्डच्या ऑर्गनमध्ये बसवले गेले. बेथेलचे पाइप एडगर लार्टरच्या वडिलांनी मासळीच्या गाडीतून आणले होते, चॅपेलची भिंत कलायला लागल्यावर. ती सगळी एक रांग ऑर्गनच्या पार मागे, भिंतीला लागून उभी होती. तिला सगळे बेथेलची रांग म्हणत.

वडिलांमागे हे पाइप सुरात लावायचं काम एडगरकडे आलं आणि लग्नानंतर मॉडकडेही. कारण हे काम एकट्याचं नव्हेच. लावणारा आत शिरतो, पाइपांच्या जंगलात फळीवर उभा राहतो. बाहेर पट्ट्यांसमोर दुसरं कुणीतरी बसून एक पट्टी दाबून धरतं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोन सूर जवळ आले पण एक झाले नाहीत, तर त्यांच्यात लाट उठते, वाँव-वाँव करत. आतला माणूस पाइपचं टोक हातातल्या धातूच्या शंकूने हळूहळू ठोकतो, लाट संथ होत जाते, आणि ती थांबली की तो आतून ओरडतो, "पुढचं!" मग बाहेरच्याने पुढची पट्टी दाबायची. मध्ये बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि "पुढचं" ऐकल्याशिवाय बोट उचलायचं नाही. मॉडने आयुष्यात कशाचा एवढा कडक नेम पाळला नव्हता, अगदी प्रार्थनेचासुद्धा.

आता त्यात एक गोम होती आणि ती फक्त या दोघांना ठाऊक होती. एडगरचे कान जायला लागले होते. बारीक, उंच सूर त्याला ऐकूच येत नव्हते. म्हणून लाट थांबली की मॉड अंगठीने बाकावर ठक् करायची, तो पायाखालच्या फळीतून तो ठोका ओळखायचा आणि ऐटीत ओरडायचा, "पुढचं!"

"चोरी आहे ही, म्हातारबा," ती एकदा म्हणाली होती.

"चोरी कसली? तुझे कान माझेच नाहीत का?" तो म्हणाला होता. "लग्नात पाद्री काय म्हणाला, आजपासून दोघं एक देह, लक्षात नाही वाटतं तुझ्या."

हसण्यावारी नेलं तरी दोघेही मनातून घाबरलेले होते. चर्चची ऑर्गन वाजवणारी मिस गूच कानाची फार तिखट होती. तिला संशय आलाच होता. ख्रिसमसला सूर बेसूर निघाले तर नॉर्विचहून दुसरा माणूस बोलवायचा, हे तिने गोड शब्दांत सांगून टाकलं होतं. हे काम सुटलं तर एडगर वर्षभरही तग धरणार नाही, हे मॉडला पुरतं कळत होतं.

२

ख्रिसमसच्या आधीचा आठवडा. युद्धाच्या वेळचं रेशन उठून लोणी पुन्हा दुकानात मिळू लागल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि लोक अजून ते चोरून आणल्यासारखं घरी नेत. चर्चची देखभाल करणाऱ्या कॅचपोलने सकाळपासून शेगडी पेटवून ठेवली होती, कारण थंडीत लावलेला सूर भरल्या चर्चच्या उबेत टिकत नाही. एडगर बाजूच्या ठेंगण्या दारातून आत शिरला. त्याने बेथेलची रांग सुरू केली, आणि मधल्या पट्ट्यांवरून वर चढत ते दोघे बारीक सुरांपर्यंत आले.

मॉडने पट्टी दाबली. लाट उठली, संथ झाली. ती थांबायची वाट बघत तिने अंगठीचं बोट उचललं.

"पुढचं!"

तिचं बोट हवेतच राहिलं. तिने ठोका दिलाच नव्हता. पण लाट खरोखरच थांबली होती, अगदी त्याच क्षणी.

तिने पुढची पट्टी दाबली. लाट उठली, विरली. "पुढचं!" त्याच्या पुढचीही तशीच. एवढ्या झपाट्याने आणि एवढं नेमकं काम त्याने तिशीतसुद्धा केलं नव्हतं. ऐकू येतंय त्याला! मॉडच्या डोळ्यांत पाणी आलं. कसं ते तिने विचारलं नाही. माणूस देवाकडे काही मागतो आणि मिळालं की पावती बघत नाही. ती दाबत गेली, वर, आणखी वर, एकेक सूर सुईसारखा सरळ होत गेला.

"काय गं, कुणाला ऐकवतेस?"

एडगर तिच्या शेजारी उभा होता. हातात चहाचा कप, मिशीला बिस्किटाचा चुरा.

"तू... तू आत होतास."

"मघाच गेलो की मी कॅचपोलकडे. ओरडून सांगितलं तुला, चहा घेऊन येतो म्हणून. तू काय पट्टीवर झोपलीस?"

तिचं बोट अजून पट्टीवरच होतं. सूर चालूच होता. त्यातली लाट तिच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, हळूहळू संथ होत होती. वाँव... वाँव... आणि थांबली.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"काय?" एडगर म्हणाला आणि त्याने चहाचा घोट घेतला.

तो सूर त्याच्या कानांच्या पलीकडचा होता. मॉडने बोट उचललं. आतून, पार मागच्या भिंतीकडून, तिच्या नवऱ्याच्या आवाजात कुणीतरी शांतपणे म्हणालं, "पुढचं."

एडगर कपातली साखर ढवळत होता.

३

मॉड काही भित्री बाई नव्हती. युद्धात बॉम्ब पडत असताना तिने दगडी जिन्याखाली बसून मोजे विणले होते. घरी परतताना वाटेभर तिने स्वतःची समजूत घातली. शेगडी जवळ होती, ऊब लागली की पाइपचा सूर आपोआप चढतो, लाट आपोआप मिटते. यात काही जादू नाही. आवाजाचं म्हणाल तर इतकी वर्षं एकच शब्द ऐकल्यावर तो कानात मुरतोच, न बोलता ऐकू येतो. धूर दिलेला हेरिंग तव्यावर परतेपर्यंत तिला हे सगळं पटलंही होतं.

पटलं नव्हतं ते एवढंच, की ऊब एका पाइपला लागते तेव्हा शेजारच्यालाही लागते. ती काही "पुढचं" म्हणत एकेकाला लागत जात नाही.

दुसऱ्या दिवशी मिस गूच तपासणीला आली. हातमोजे काढून ती बसली आणि तिने बेथेलच्या रांगेत हवा सोडणारी खुंटी ओढून उंच पट्ट्यांवर एक साधं भजन वाजवलं. वाजवता वाजवता ती थांबली. ती वळली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"मिस्टर लार्टर, मी तुमची माफी मागते," ती म्हणाली. "लहानपणापासून हा ऑर्गन ऐकतेय मी. ही रांग अशी कधीच बोलली नव्हती. खरं सांगू का, मला वाटलं होतं तुमचे कान..."

"कान ठीक आहेत माझे," एडगर म्हणाला. त्याला तिच्या ओठांवरून अर्थ लागला होता.

"उरलेलं असंच झालं तर नॉर्विचचा विषयच संपला."

एडगरने हॅट काढून हातात घेतली आणि मान खाली घातली. घरी जाताना तो शिटी वाजवत होता. "बघ, हातांना सवय असते," तो म्हणाला. "चहाला जायच्या आधीच मी ते वरचे सूर लावून टाकले असणार. मलाच कळलं नाही!"

मॉडला सगळं सांगून टाकायचं होतं. पण त्याचं असं छाती काढून चालणं तिने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने नुसता त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला.

धक्क्याशी सीगल पक्ष्यांनी मासळीच्या टोपल्यांवर गिल्ला केला होता. "आज पाखरं कुठं गेली गं?" एडगरने विचारलं. ती त्याच्या डोक्यावरच घिरट्या घालत होती.

४

पुढच्या सकाळी ते मधल्या पट्ट्यांवर परत आले, आता तिथून खाली उतरायला. मिस गूच मागच्या बाकावर शाल गुंडाळून ऐकत बसली होती. म्हणाली, मला जरा हे कौशल्य बघू दे.

मॉडने पट्टी दाबली. ठोका द्यायला बोट उचलायच्या आत आवाज आला, "पुढचं." आज तो आवाज जास्त जवळून आला. जो नेम तिने कधी मोडला नव्हता तो तिने मोडला.

"एडगर, तूच ना रे?"

आतून हवा भरणाऱ्या भात्याच्या मोटरची घरघर तेवढी आली.

"काही अडलंय का, मिसेस लार्टर?" मागून मिस गूचने विचारलं.

"पुढचं," आतला आवाज म्हणाला. तोच सूर, तीच ऐट. फक्त एडगर त्या शब्दानंतर नेहमी घसा खाकरायचा. हा खाकरला नाही.

मॉड तिथेच थांबली असती तर? हा प्रश्न मला छळतो. पण तिच्या मागे मिस गूच बसली होती आणि मिस गूचच्या मागे नॉर्विच. मॉडने पट्टी दाबली. मग त्याच्या पुढची. सूर सोन्यासारखे लागत गेले आणि ती प्रत्येक वेळी मनात म्हणत होती, एवढा एकच, मग विचारू. दुपार झाली तेव्हा मिस गूच डोळे पुसत निघून गेली.

एडगर बाहेर आला. कपड्यांवर धूळ, चेहरा समाधानी, तंद्रीतून उठल्यासारखा.

"तू आत काय करत होतास?" मॉडने विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला.

"एडगर, मी विचारतेय, आत काय करत होतास?"

"कुजबुजतेस कशाला?" तो म्हणाला. "इथं कोण आहे आता?"

घरी किटलीची शिटी किंचाळत होती आणि तो तिच्या शेजारी बसून पेपर वाचत होता. मॉडने मुद्दाम ती वाजू दिली. तो हलला नाही. धुक्याचा भोंगा समुद्रावरून घुमला तेव्हा मात्र त्याने मान वर केली. "चला, एवढं तरी आहे," असं काहीसं पुटपुटला आणि पेपरची घडी केली. उंच सूर लागले, पाखरं गेली. मधले लागले, किटली गेली आणि मॉडचा आवाजही गेला. तिने हे दोन धागे शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांची गाठ मारायचा तिला धीर होईना. बेथेलच्या रांगेत आता फक्त मोठे, खालचे पाइप उरले होते.

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "उद्या जायचं नाही. बोलावू दे तिला नॉर्विचचा माणूस. आपण कोबी लावू, कोंबड्या पाळू. जायचं नाही, एडगर."

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं आणि तिच्या गालावर थोपटलं. "रडू नकोस. बाहेर नाही येत ऐकू, खरंय. पण आत गेलो ना मॉड, की सगळं ऐकू येतं मला. लहानपणी यायचं तसं."

५

ती उठली तेव्हा अंथरुणात त्याची जागा गार होती. मॉड कोटाची बटणं न लावताच टेकडी चढली. चर्चमध्ये कॅचपोल शेगडीत कोळसा घालत होता. भात्याची मोटर सुरू होती. पट्ट्यांसमोरचा बाक रिकामा होता.

ती बाकावर बसली नाही. मी दाबणारच नाही, तिने ठरवलं. मी दाबलं नाही तर पुढे काही होणार नाही. ती नुसती उभी राहिली आणि तिने वाट पाहिली. आतून आवाज आला नाही. पण बोलणं ऐकू येत होतं. एडगर कुणाशीतरी बोलत होता, मधूनच हसत होता. घरात बोलावं तसं, सैल, आरामात.

मॉडने ठेंगणं दार उघडलं आणि वाकून आत पाहिलं.

फळीवर एक दिवा टांगलेला होता. एडगर पाठमोरा उभा होता, भिंतीजवळ, त्या मोठ्या पाइपांपाशी. माणसाहून उंच, माणसाएवढे रुंद, राखी रंगाचे ते पाइप खांद्याला खांदा लावून उभे होते, भजनाला उभे राहावेत तसे. पाइपला खालच्या अंगाला एक आडवी फट असते, तिला तोंड म्हणतात. हवा तिथून फुटते आणि सूर होतो. ती तोंडं कायम उघडी असतात, तशीच घडवलेली असतात. एडगर त्यांतल्या एकाशी बोलत होता. तो बोलायचा थांबला, आणि मॉडच्या नजरेसमोर ते तोंड मिटलं. जरा वेळाने पुन्हा उघडलं.

ती ओरडली की नाही हे तिला आठवत नाही. तिने आत झेप घेतली, त्याची बाही धरली आणि त्याला ओढत, फरफटत, दारातून बाहेर दगडी फरशीवर आणलं. तो धडपडला, उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"एडगर, घरी चल. माझ्याबरोबर घरी चल!"

तो तिच्या ओठांकडे बघत होता, पण वाचत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी बाई रस्त्यात भेटली आणि तिची दया आली, तर येईल तसा भाव होता. त्याने हळूच, सभ्यपणे तिची बोटं आपल्या बाहीवरून सोडवली.

"सोडा, बाई," तो म्हणाला. "बायको आत थांबलीय माझी."

आणि आतून मॉडचाच आवाज आला. तो तिचाच होता, यात तिला तिळमात्र शंका उरली नाही. ती लाडात आली की शब्द जसे ओढायची तसे ओढलेले होते. "येतोस ना रे म्हातारबा? थोडंच उरलंय."

"आलो गं!" एडगर म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, जसा तो लग्नाच्या दिवशी उजळला होता, आणि हे पाहून मॉडचं काळीज फाटलं. तो वाकून आत गेला. दार आतून लागलं. कडी तिथे कधीच नव्हती, पण कडी लागल्याचा आवाज आला.

रिकाम्या बाकासमोर खालची एक पट्टी आपोआप दबली. जमीन थरथरेल असा सूर उठला. त्यात लाट होती, आणि ती संथ होऊ लागली.

मॉड दारावर मुठी आपटू लागली. त्याचं नाव घेऊन ती जीव खाऊन ओरडत होती, घसा सोलवटल्याचं तिला जाणवत होतं. कॅचपोल कोळशाची बादली खाली ठेवून लगबगीने आला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मिसेस लार्टर, काय होतंय तुम्हाला?" तो म्हणाला. "काहीतरी बोला तरी. असं नुसतं तोंड उघडून काय उभ्या राहिलात?"